जाळीच्या बाजू

श्यामसुंदररावांनी कटरचं पातं पट्टीला टेकवलं आणि पॉलिकार्बोनेटच्या शीटवर तीच रेघ पुन्हा एकदा ओढली. मग शीट टेबलाच्या कडेशी धरून हलकेच दाबली. टक्क आवाज झाला आणि तुकडा सुटला.

"झाला टप. आता बाजू राहिल्या," ते म्हणाले.

त्यांची नात आभा समोर बसली होती. दोघांच्या मध्ये तिची क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढायची रिमोटची गाडी, उघडीवाघडी उभी होती. नुसता सांगाडा आणि चार ढब्बू चाकं.

"आजोबा, थांबा हं. मी जरा पाणी खाऊन येते."

"पाणी पितात गं. खात नाहीत."

"तेच ते," म्हणत आभा स्वयंपाकघरात गेली. ती जन्मापासून कोलकात्यात वाढलेली, कॉलेजही इथलंच. तिच्या मराठीत बंगालीचे असे खडे अधूनमधून लागायचे आणि श्यामसुंदरराव ते हौसेने वेचायचे.

क्रॉलरच्या स्पर्धेत गाडीला नुसतं चढता येऊन भागत नाही, तिला गाडीसारखं दिसावंही लागतं. बॉनेट, टप आणि दोन बाजू हव्यातच, त्याही ठरलेल्या मापाच्या. मागच्या वेळी आभाने बाजू बोटभर आखूड कापल्या आणि तपासणीतूनच परत आली. तिचा चेहरा बघून श्यामसुंदरराव म्हणाले होते, "मी करून देऊ?"

ते साताऱ्याच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. शाळेच्या गणपतीचं मखर वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचं. बायको गेल्यावर लीना, त्यांची लेक, त्यांना दिवाळीत कोलकात्याला, बेहालाच्या घरी घेऊन आली ती 'चार दिवस चला' म्हणून. आता होळी जवळ आली होती. लेकीच्या घरी इतके दिवस ठाण मांडून बसायचं हे त्यांच्या पिढीच्या माणसाला टोचणारच. हातात हे काम आल्यापासून मात्र ते सकाळी उठताना परतीचा विचार करत नव्हते. पुठ्ठ्याचे नमुने कापायचे, ते गाडीवर बसवून बघायचे, मग शीटवर आखायचे. जेवायला लीनाला दोनदा हाका माराव्या लागत.

गाडी वरून जड झाली की चढावर उलटते, हे आभाने त्यांना समजावलं होतं. म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना मखराला कापतात तशी जाळी कापली. वजन कमी, शिवाय शोभा. जाळीवर लाल रंग दिला तेव्हा आभा त्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि श्यामसुंदररावांना मनातून फार बरं वाटलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती सगळे तुकडे क्लबमध्ये दाखवायला घेऊन गेली. परत आली ती सरळ स्वयंपाकघरात. श्यामसुंदरराव बाहेरच्या खोलीत चष्मा पुसत बसले होते.

"काय म्हणाले गं?" लीनाने विचारलं.

"काय म्हणणार! आजोबांच्या जाळीवरून मी सगळ्यांसमोर एवढी चेष्टा केली, शेवटी सगळे हसायलाच लागले. क्लबचा उदयदा म्हणाला, बस कर आता."

"बरं, हातपाय धू. खायला देते."

श्यामसुंदररावांचा हात चष्म्यावर थांबला. पोरीचं एक वेळ समजून घेता येतं, वय आहे. पण लीना? तिने एका शब्दानेही मुलीला हटकलं नाही. ते फार लागलं त्यांना. बायको असती तर तिला तरी सांगितलं असतं.

आभा बाहेर आली. "आजोबा, जाळी चालत नाही म्हणतात. बाजू भरीव हवी. आज करता येईल?"

"तूच कर. मला नाही जमायचं."

"असं काय? थोडंच तर आहे."

"नाही म्हटलं ना."

ती टेबलापाशी घुटमळली आणि तुकडे उचलून आपल्या खोलीत गेली. रात्री जेवताना ते लीनाला म्हणाले, "माझं तिकीट बघ. मंगळवारचं मिळालं तर बरं."

"एकदम काय झालं बाबा?"

"काय व्हायचंय? तिकडे घर बंद आहे."

स्पर्धेला यायची त्यांची इच्छा नव्हती. पण "एवढं केलंत, बघायला तरी चला," म्हणून लीनाने त्यांना गाडीत बसवलंच. बजबज नावाच्या गावी नदीकाठच्या मैदानात दगडांचे आणि फुटक्या काँक्रीटचे ढीग रचले होते. ढिगांमधून काठ्या रोवून वाट आखली होती आणि पोरं रिमोट घेऊन आपापल्या गाड्यांमागे वाकून चालत होती.

आभाची गाडी तपासणीतून सुटली. ती वाटेच्या तोंडाशी आली तेव्हा श्यामसुंदररावांना तिच्या बाजू दिसल्या. लाल जाळी जशीच्या तशी होती. तिच्या आतून आभाने काळी भरीव शीट चिकटवली होती. म्हणजे बाजू दुहेरी झाली, वजन जवळपास दुप्पट. आता गावभर दाखवायची राहिली होती जाळी, ते मनात म्हणाले आणि नदीकडे बघू लागले.

गाडी पहिला ढीग चढली. दुसऱ्यावर मात्र ती वर गेली, अडली, मागे घसरली. पुन्हा वर गेली आणि एका अंगावर कलली. आभाने ओठ घट्ट मिटले होते. कडेच्या गर्दीतून आवाज आला, "चेष्टा कोरो, आभा! चेष्टा कोरो!" मग आणखी चौघांनी तेच धरलं.

श्यामसुंदररावांच्या डोक्यात तिडीक गेली. पोरगी अडकली आहे आणि लोकांना हे सुचतंय? शेजारी त्यांच्याच वयाचे एक बंगाली गृहस्थ उभे होते. त्यांना त्यांनी विचारलं, "ये लोग मज़ाक किसका करने को बोलते हैं?"

"मज़ाक?" गृहस्थ गोंधळले. "ना ना, दादा. चेष्टा. माने कोशिश. लड़की को बोल रहे हैं, कोशिश करो."

श्यामसुंदररावांनी मान हलवली. मग त्यांनी कालचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. जाळीसाठी सगळ्यांसमोर एवढा प्रयत्न केला. शेवटी सगळे हसायलाच लागले.

तेवढ्यात गाडी उलटली. टपावर पडली आणि चाकं हवेत फिरत राहिली.

ते पुढे गेले. आभा गाडी उचलून बाजूंवरची माती पुसत होती.

"जड झाली होती," ते म्हणाले. "जाळी काढून टाकायची. नुसती भरीव लावली असतीस तर चढली असती."

"माहीत होतं."

"मग?"

"तुम्ही केली होती ना," आभा म्हणाली आणि जाळीच्या एका घरात अडकलेला खडा नखाने काढू लागली.

परतताना लीना गाडी चालवत होती. श्यामसुंदरराव मागे आभाशेजारी बसले होते.

"बाबा, मंगळवारचं तिकीट मिळतंय," लीना म्हणाली. "काढू?"

"मंगळवारी कसं जमेल? मंगळवारी आम्हाला एस्प्लनेडच्या बाजारात जायचंय. याहून पातळ शीट मिळते का बघायला."

आभाने त्यांच्याकडे पाहिलं. "पण आजोबा, पातळ शीट लिबलिबते. भरीव, हलकी आणि ताठ, सगळं होईल?"

श्यामसुंदररावांनी गाडी तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतली, बाजू अंगठ्याने दाबून पाहिली.

"चेष्टा करतो," ते म्हणाले.

लीनाने चमकून समोरच्या आरशात पाहिलं. आभाला त्यात वेगळं काहीच वाटलं नाही.

"करा," ती म्हणाली. "मीपण करते."