ओडेसाबाईंना सांगायचं कुणी

आमच्या राज्यात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट एकत्र कॉफीसुद्धा पीत नाहीत. त्यामुळे वेंडेल क्राउझ आणि लोरेटा मिम्स हे दोन विरोधी सिनेटर एकच विधेयक घेऊन उभे राहिले, तेव्हा वर्तमानपत्रांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिसऱ्या गुन्ह्याला सरसकट जन्मठेप, हा जुना कायदा त्यांना मोडीत काढायचा होता.

खरा जोर लावला तो ओडेसा टॉलिव्हर यांनी. त्यांच्या मुलाने, रोलँडने, बंद कारखान्यातली तांब्याची तार चोरली होती. तो तिसरा गुन्हा, म्हणून जन्मठेप. ओडेसाबाई दर सुनावणीला यायच्या, तेच पुन्हा सांगायच्या आणि समितीतला एखादा तरी कडक गडी विरघळायचा.

तरी मतं कमीच पडत होती. मग क्राउझच्या पक्षाने अट घातली: सवलत फक्त यापुढच्या शिक्षांना. आत आहेत ते आतच राहतील. मिम्सबाईंनी दातओठ खाल्ले आणि मान डोलावली. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, अशी दोघांनी एकमेकांची समजूत काढली.

पण ओडेसाबाईंना हे सांगायचं कुणी? क्राउझला वाटलं, त्या मिम्सच्या चर्चमधल्या, तीच सांगेल. मिम्सला वाटलं, अट याच्या पक्षाची, यानेच सांगावं. तसं वाटून घेणं दोघांनाही फार सोयीचं होतं.

विधेयक मंजूर झालं, सहीचा समारंभ ठरला. आमच्याकडे गव्हर्नर एकाच सहीला डझनभर पेनं वापरतात आणि राबलेल्यांना एकेक वाटतात. पहिलं पेन ओडेसाबाईंना मिळालं. टाळ्या ओसरल्यावर त्या मिम्सबाईंकडे वळल्या.

"लोरेटा, अगं, रोलँडला कधी सोडतायत? खोली रंगवून ठेवलीय मी. पडदे तेवढे राहिलेत."

मिम्सने क्राउझकडे पाहिलं, क्राउझने मिम्सकडे. कुणीच सांगितलेलं नाही, हे दोघांना त्याच क्षणी कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं क्राउझला झालं. शेवटी तोच खालच्या मानेने म्हणाला, "बाई, हा कायदा रोलँडला लागू नाही. जुन्या कैद्यांना वगळलंय."

ओडेसाबाईंनी एवढंच विचारलं:

"कधी ठरलं हे?"

"मतदानाच्या आधी."

"म्हणजे शेवटच्या सुनावणीत मी बोलत होते, तेव्हा तुम्हा दोघांना माहीत होतं?"

क्राउझने होकारार्थी मान हलवली. मिम्सबाई रडायला लागल्या. आपण कुठल्या तोंडाने रडतोय, याचीही त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात फोटोवाला आला. त्या बिचाऱ्याला काय कल्पना! दोन्ही पक्षांनी हात मिळवावेत, बाईंनी मधे उभं राहावं, असं त्याने सुचवलं.

"मी कशाला मधे?" ओडेसाबाई शांतपणे म्हणाल्या. "यांचं माझ्यावाचून जमलंय." आणि बाजूला सरून त्यांनी दोघांना जागा करून दिली.