तुडीलहून आलेलं भूत

निशिगंधा भाकरी थापत होती आणि सासूबाई राहीबाई तिच्याकडून जबानी पाठ करून घेत होत्या.

"काय सांगशील गो कोर्टात?"

"ॲक्सिडेंटच्या आधी मला कायपण नव्हतं."

"हां. भूत म्हायेरचं हाय, ते तिथं काढू नको."

वरंध घाटात रिक्षा उलटली, निशिगंधाचं डोकं दगडावर आपटलं आणि थोड्याच दिवसांत तिला झटके येऊ लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घरच्यांनी रिक्षाच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. सोनबा भगताने निदान दिलं: बाधा तिच्या माहेरची, तुडीलच्या नदीवरची, लग्नात हंड्या-कळशांबरोबर आली. राहीबाईंना हे फार पटलं, कारण यात सासरचा काहीच दोष नव्हता. भूत गोळ्यांना भीत नाही, म्हणून गोळ्या बंद झाल्या. झटके वाढले. माहेरच्या भुताची खबर गावभर झाली आणि फिरत फिरत कंपनीच्या वकिलापर्यंत पोचली.

त्याने थेट सोनबालाच साक्षीला आणलं.

"त्रास कधीपासूनचा?"

"लग्नाच्या आदीपासनं. घरच्यांनापण ठावं हाय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तुमची कंपनी भूत मानते?"

"नाही साहेब, तारीख मानते. दुखणं लग्नाआधीचं, मग अपघाताचं कसं?"

राहीबाई पिंजऱ्यात आल्या. भूत नाही म्हणावं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत, आहे म्हणावं तर दावा बुडणार. बराच विचार करून म्हणाल्या, "झटके रिक्षाचे, साहेब. भूत म्हायेरचं."

मग निशिगंधा. तिच्या वकिलांनी बजावलं होतं, गोळ्या सुटल्याचं बोलायचं नाही. कंपनी म्हणेल, दुखणं तुम्हीच वाढवलं.

"लग्नाआधी एकही झटका नव्हता," ती म्हणाली. "रिक्षा उलटली, मग आले. गोळ्या होत्या तोवर कमी होते. घरच्यांनी बंद केल्या. मी करू दिल्या."

तिच्या वकिलांनी डोळे मिटले. कंपनीच्या वकिलाने आनंदाने लिहून घेतलं. पुढची तारीख पडली.

महाडच्या स्टँडवर वरंधची एसटी लागली होती. संध्याकाळी उतारा ठरलेला, म्हणून सोनबाने निशिगंधासाठी रुमाल टाकून खिडकीची जागा धरली होती.

"चढ गो," राहीबाई म्हणाल्या.

"मी नाय. आधी डॉक्टर, मग घर."

"आन भूत?"

"न्या त्याला. गावात त्याची माझ्यापेक्षा जास्त ओळख हाय."

तिचा नवरा राजेश पायरीवर एक पाय ठेवून दोघींकडे बघत राहिला. कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा तो खाली उतरला.

गाडी सुटली. खिडकीजवळची ती जागा वरंधपर्यंत रिकामीच गेली. कुणी विचारलं, की सोनबा रुमालावर हात ठेवून सांगे, "बसलंय कुणीतरी."

गाडी खच्चून भरलेली. उभ्याने दोन शाळामास्तरही होते. शेवटपर्यंत एकालाही तिथं बसायची छाती झाली नाही.