धिंगाण्याचे चार कोपरे

विक्कीला धिंगाण्यात हरवणं मिथुनला कॉलेजच्या दिवसांत कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो लागोपाठ जिंकत होता, आणि त्याला ते बरं वाटत नव्हतं.

धिंगाणा हे नाव कॉलनीतल्या पोरांनी ठेवलेलं. टीव्हीवरच्या या व्हिडिओ गेमचं खरं नाव कॅसेटवरच्या कागदाबरोबर केव्हाच फाटून गेलं होतं. चार भिंतींचं एक मैदान, त्यात दोन लोखंडी पुतळे, एक लाल आणि एक निळा. दोघांकडे न संपणारे बॉम्ब. बॉम्ब फुटला की भिंत कोसळायची, भिंतीतून आगीचे लोळ निघायचे, वरून मध्येच दगड पडायचे, आणि आपण टाकलेला बॉम्ब भिंतीवर आपटून आपल्याच पायाशी यायचा. नियम असे नव्हतेच. जो शेवटी उभा राहील तो जिंकला.

रिमोटच्या वायरी आखूड होत्या. त्यामुळे दोघंही टीव्हीला जवळजवळ नाक लावून चटईवर बसले होते. बाहेर एप्रिलचं ऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरांवर तापत होतं आणि कूलर घरघरत होता. स्वयंपाकघरात विक्कीची आई, बायनाबाई, काळीज शिजवत होती. मसाल्याचा वास सगळ्या घरात भरला होता.

"मर बे!" मिथुन ओरडला. निळा पुतळा जळून खाली बसला. निळा विक्कीचा.

"तू गावात जाऊन दिवसभर हेच करून राह्यला का?" विक्की म्हणाला. "बाप तिकडं तलावात जाळं टाकते अन् पोरगं बॉम्ब टाकते."

"आमच्या सावली गावात कोणाकडं हाये बे हा खेळ? तूच ढिल्ला झाला."

मिथुन यंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. विक्कीने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. त्याचे वडील खुशालभाऊ वीज केंद्रात नोकरीला होते. ड्युटीवरून घरी आले, जेवायला बसले आणि ताटावरच गेले. तेव्हापासून हे घर एका गोष्टीची वाट पाहत होतं, ती म्हणजे वडिलांच्या जागी विक्कीला लागणारी नोकरी. आता ती आली होती. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर मदतनीस. गुरुवारी डॉक्टरी तपासणी, ती झाली की हजर व्हायचं. नोकरी लागली की क्वार्टर राहणार होतं, आणि हर्षाची, म्हणजे बहिणीची, बारावीही.

पुढचा डाव सुरू झाला. मिथुनच्या मनात काहीतरी खटकत होतं. विक्की ढिल्ला झालेला नव्हता. मैदानाच्या मध्यभागी तो अजून पूर्वीसारखाच चपळ होता. तो मरायचा तो कडेला. मिथुनने लाल पुतळा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात नेला आणि रिमोटवरून बोटं उचलली. निळा पुतळा त्याच्या बाजूने गेला, परत आला, पुन्हा गेला.

"कुठी लपला बे?"

"उभा तं हावो."

मिथुनने पुतळा मध्यभागी आणला. लगेच बॉम्ब पडला आणि तो मेला. पुढच्या डावात तो उजव्या कोपऱ्यात उभा राहिला. निळा पुतळा पुन्हा बाजूने निघून गेला. आता मिथुन पडद्याकडे बघत नव्हता, विक्कीकडे बघत होता. विक्की डोळे फिरवत नव्हता. अख्खी मान फिरवत होता, कोंबडी दाणा शोधताना फिरवते तशी.

"विक्की, तू संध्याकाळी सायकल चालवतो?"

"नाई. रातांधळेपण आलं थोडं. माय काळीज चारून राह्यली ना, होते कमी."

"माझ्या नाकाकडं पाह्य. हालू नको."

"काऊन बे?"

"पाह्य तं."

मिथुनने दोन्ही हात बाजूला ताणले. "एक बोट हलवतो. दिसलं की सांग."

"दिसून राह्यलं," विक्की झटकन म्हणाला. "उजवीकडं."

मिथुनच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. त्याने त्या तशाच हवेत ठेवल्या. मग एक बोट उघडून तो ते हळूहळू आत आणत गेला. बोट जवळजवळ स्वतःच्या कानाशी आलं तेव्हा कुठे विक्कीची नजर हलली.

"हे काळजानं जाणारं नाई," मिथुन म्हणाला. "डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून मरून राह्यला. अंधारात दिसते ते त्या कडेनंच. ते गेलं, आता मधलं तेवढं उरलं."

"मधलं पुरते. तपासणीत भिंतीवरची अक्षरं समोरच राह्यते. पाठ नाई करावी लागत मले, वाचतो मी."

"अन् पट्ट्यावर? तिथं धूळ, अंधार, अन् बाजूनं चालता पट्टा. हात कुठी जाईल तुले समजणार नाई."

पडद्यावर दोन्ही पुतळे जागच्या जागी पाय आपटत उभे होते. विक्की हसल्यासारखं करून म्हणाला, "एक डाव. मी जिंकलो तं तू मायजवळ तोंड उघडायचं नाई. तू जिंकला तं मी सोता सांगतो. बोल."

मिथुनने रिमोट उचलला. नाही म्हणायला हवं होतं, ते त्याला नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं, हे सोपं आहे. कोपरा धरायचा, जिंकायचं, आणि विक्कीनेच आईला सांगायचं.

तो कोपऱ्यात गेला. पण विक्कीने या वेळी त्याला शोधलंच नाही. त्याने निळा पुतळा मधोमध उभा केला आणि चारी दिशांना बॉम्ब टाकत सुटला. काय कुठे पडतंय ते न बघता. भिंती एकामागून एक कोसळल्या, आगीचे लोळ आडवेतिडवे धावू लागले, दगड कोसळले. मिथुनचा पुतळा कोपऱ्यातून निसटला, दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथेही आग आली. तो खरोखर जीव तोडून खेळत होता. अखेर एक बॉम्ब दोन भिंतींवर आपटून आला आणि लाल पुतळा पेटला.

"हाऽऽण!" विक्कीने चटईवर थाप मारली. त्या दिवशी तो पहिल्यांदा मोकळा हसला. "दिसो न दिसो, मारला का नाई?"

"मारला," मिथुन म्हणाला, आणि उठला. "पण मी सांगतो मावशीले."

विक्कीचं हसू तिथेच थांबलं. "मंग खेळला काऊन?"

मिथुन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

बायनाबाईने वळून पाहिलं. "ये बाबू. तुह्या मायनं, भागीरथाबाईनं, सुकट धाडली ना, संध्याकाळी करतो. जेवूनच जा."

मिथुनने सांगितलं. शिकवताना सांगावं तसं क्रमाने, पडदा, कड, अंधार, पट्टा. शेवटी म्हणाला की यावर औषध नाही. ती ऐकताना पातेल्यात चमचा फिरवत राहिली. मग तिने गॅस बंद केला.

"माह्या लहान्या भावाचं असंच होतं," ती म्हणाली. "दिवस बुडाला का भिंत धरून चाले. एका संध्याकाळी विहिरीत गेला. लोक म्हणे प्यायला असंल. थो पेत नव्हता." पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, "विक्कीनं अंधारात वाटेतली भांडी लाथाडली, त्या दिवशीच मले भाऊ आठवला. तरी म्हटलं, काळीज खाऊ घालून पाहू."

"मावशी..."

"पट्ट्यावर नाई जाऊ देत मी याले. क्वार्टर जाते तं जाते."

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद झाला. विक्कीने सगळं ऐकलं होतं. तो आत आला नाही.

बायनाबाई पदराने हात पुसत राहिली. हात कोरडे झाले तरी पुसत राहिली. "बाबू, तू शिकला हायस. मले एवढंच सांग. माह्या भावाले झालं, माह्या पोराले झालं. हे कुठून येते?"

मिथुनला ते ठाऊक होतं. परीक्षेत त्याने ती आकृती काढली होती. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळं म्हणजे बायका. रोग चौकोनांना होतो, पण वर्तुळांमधून खाली उतरतो. आजीतून आईत, आईतून पोरात. आईला काहीच होत नाही, तिला कधी कळतही नाही. आतल्या खोलीत हर्षा पुस्तक घेऊन बसली होती. त्या आकृतीत तिचंही वर्तुळ होतं, अर्धं भरलेलं, म्हणजे रोग पुढे नेणारं असेल, किंवा रिकामं असेल.

"कुठून बी नाई, मावशी," तो म्हणाला. "असंच होते कोणाकोणाले."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून ताटं मांडायला घेतली, चार.

चौथ्या ताटावर कोणी बसलं नाही. विक्की पुढच्या दाराने उन्हात निघून गेला होता. मिथुनने बायनाबाईसमोर बसून काळजाचा एक एक तुकडा खाल्ला, कारण तिने वाढला होता आणि नाही म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.