तुझे घोडे मी मोजणार

मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलावर श्रुतिका आणि विशाल दर रविवारी लढाई मांडत. बोटभर उंचीचे, हौसेने रंगवलेले शिपाई. किल्ला आणि पायदळ तिचं, घोडेस्वार त्याचे.

घोड्यांची तुकडी एका चालीत आठ इंच सरकते, पायदळ चार. नियम साधाच. पण विशाल टेप तुकडीच्या पुढच्या कडेला लावायचा आणि आठ इंचांवर मागची कडा टेकवायचा. म्हणजे अख्खी तुकडी फुकटात पुढे! तो हे मुद्दाम करत नव्हता, हाच तर वैताग. श्रुतिकाही काही कमी नव्हती. स्वतःची चाल आली की तिची टेप हमखास थोडी पुढे सरकायची. मग भांडण, पुन्हा मोजणी, टेप सटकली की शिपाई आडवे. तोवर भजनी मंडळ घेऊन रत्नप्रभाकाकू दारात हजर. आजवर एक लढाई संपली असेल तर शपथ.

"आज नाही संपली ना, तर सगळं विकून टाकतो, यार," असं म्हणत विशाल आज खोका घेऊनच आला होता. या खेळाचा दुसरा वेडा श्रुतिकाला अख्ख्या मुलुंडात मिळाला नव्हता.

तिने जुन्या फूटपट्टीचे दोन तुकडे काढले. "टेप बंद. छोटा पायदळाचा, मोठा घोड्यांचा. पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत. आणि तुझे घोडे मी मोजणार, माझी माणसं तू."

"आणि तू मला कमी दिलंस तर?"

"मग माझी माणसं तुझ्याच हातात आहेत ना रे!"

खेळ असा पळाला की चहा तसाच निवला. शेवटची चाल विशालची होती. श्रुतिकाने पट्टी लावली. टोक किल्ल्याच्या दाराला जेमतेम शिवत होतं. केसभर मागे धरली असती तर किल्ला वाचला असता, आणि उट्टं काढायला विशालला तिची एकही चाल मोजायची उरली नव्हती. तिला मोह झाला, चांगलाच झाला.

"पोचला," ती म्हणाली.

भांडायच्या तयारीने वाकलेला विशाल गडबडला. "नीट बघ गं. मला नाही वाटत पोचला."

"पोचला म्हणते ना! गप जिंक!"

रत्नप्रभाकाकू टाळ घेऊन आत आल्या. "आजही नाही संपलं वाटतं?"

"संपलं काकू! हरले मी!" श्रुतिका एवढ्या आनंदाने ओरडली की काकू बघतच राहिल्या.

विशालने घोडे खोक्यात भरले आणि खोका तिच्याच हातात दिला.

"तुझ्याकडेच राहू दे. दर रविवारी कोण वाहून आणणार?"