चार पानांतलं आंबवण

फिनलंडमधल्या त्या काळ्या पावाच्या कारखान्यात हिल्का तेहतीस वर्षं राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचं आंबवण सांभाळत होती. टाकीचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरून ती सांगायची, आज पीठ रुसलंय की खुशीत आहे.

वसंतात फेररचना आली. चाळीस माणसं जाणार होती. यादीत पहिलंच नाव तिच्या मैत्रिणीचं, राइलीचं. तिच्या पेन्शनला अकरा महिने उरले होते. एलियास हा नवा, तरुण व्यवस्थापक सगळ्यांसमोर म्हणाला, "राइली, तुमचं काम आता यंत्र करेल. आणि ते कुरकुरणार नाही." दोघंतिघं हसलेसुद्धा. राइली ॲप्रनची गाठ सोडायला गेली, ती सुटेना. हिल्कानं पुढे होऊन ती सोडली आणि तिथेच मनात दुसरी बांधली.

आठवड्यानं हिल्कालाही नोकरी संपल्याचं पत्र आलं. वर एलियासची फर्माईश : "जाण्याआधी तुमचं काम लिहून द्या. चार पानं पुरेत."

"तेहतीस वर्षं, चार पानांत?"

"पीठ, पाणी, तापमान, वेळ. आणखी काय असतं त्यात?"

"खरंच की साहेब, आणखी काय असणार!"

तिनं चार पानं लिहून दिली. एक आकडा खोटा नाही. फक्त पावसात भिजलेल्या रायबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. तसलं पीठ चिकट होतं. त्याला आंबवण जास्त लागतं, नाहीतर भाजलेला पाव सुरीला डिंकासारखा धरून बसतो.

त्या ऑगस्टात ऐन कापणीला तीन आठवडे झड लागली. हिल्का खिडकीशी कॉफी पीत ती बघत बसायची. पावसाचं एवढं कौतुक तिला जन्मात वाटलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर दुकानांतून ट्रक भरभरून पाव परत येऊ लागले. ती फोन उचलेना, तेव्हा एलियास स्वतःच आला. ती अंगणात मासे साफ करत होती.

"पाव आतून ओलाच राहतोय. काय करायचं तेवढं सांगा. मागाल ते देऊ."

"राइलीला परत घ्या."

"ते माझ्या हातात नाही."

"मग हेही माझ्या तोंडात नाही."

"अहो, तिथे अजून साठ माणसं काम करतात!"

तिची सुरी क्षणभर थांबली. "ती साठ माणसं तुला आज आठवली होय रे?" असं म्हणून ती आत गेली आणि तिनं कडी घातली.

नोव्हेंबरात एलियासला नारळ मिळाला. दुसऱ्याच दिवशी हिल्कानं कारखाना गाठला आणि भट्टीवाल्या ताउनोला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पाव सुधारला. पण तोवर आणखी नऊ जण घरी बसले होते.

"थोडं आधी सांगायचंस गं," राइली म्हणाली.

"आधी सांगितलं असतं, तर तो अजून त्याच खुर्चीत असता."

राइलीनं कप बाजूला सारला. हिल्कानं तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. एक थेंबही बाहेर सांडला नाही.