दक्षिणेचं दार

शुक्रवारी दार चिणायचं ठरलं होतं. शेवंताबाईनं पंढरी गवंड्याला परस्पर सांगूनही टाकलं.

"गोट्या, दक्षिनेला दार ठेवलंस तवाच मी बोंबलत होते," ती धाकट्या भावाला म्हणाली. "यमाच्या तोंडाला दार! दोन वर्सांत बायको गेली. आता पोरगी हाय घरात. तिची तरी काळजी कर."

गोटीरामनं दार तिकडं ठेवलं ते बायकोनं, जमुनानं सांगितलं म्हणून. कामोठ्याच्या खाडीबांधाला पाणी अडवायला लाकडी झडपा असतात, त्या बसवायचं त्याचं काम. संध्याकाळी तो बांधावरून येताना चुलीपासून दिसावा, म्हणून ती हटून बसली होती. "तुमी दिसलात का भाकर टाकीन. गरम खाल." चैत्रात ती तापानं गेली.

त्याच आठवड्यात पनवेलच्या शाळेत मुंबईच्या एका संग्रहालयाचं प्रदर्शन आलं. मंगोल लोकांचं. भिंतीवर त्यांच्या राजांची चित्रं, नकाशे, फोटो. टेबलांवर खोगिरं, धनुष्यं, चांदी मढवलेल्या वाट्या. आणि त्यांचं एक अख्खं घर, पण सुटं करून पेटाऱ्यांत भरलेलं. ते उभं करायला सुतार हवा होता, म्हणून गोटीरामला बोलावलं.

बुधवारी त्यानं ते मैदानात उभारलं. काम त्याला आवडलं. ओढली की पसरणारी लाकडी जाळी गोल फिरवायची, वर काठ्यांचं छप्पर, त्यावर लोकरीचं जाड घोंगडं, आणि सगळं दोरानं आवळायचं. खिळा एक नाही. दार मात्र त्यानं कोणाला न विचारता पूर्वेला बसवलं. दक्षिणेला बसवायला त्याचा हातच धजेना.

गुरुवारी सकाळी संग्रहालयाचे वामनराव आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"अहो गोटीराम, हे काय केलंत? दार दक्षिणेला हवं."

"दक्षिनेला? साहेब, त्यात मानसं राहतात ना?"

"राहतात म्हणजे? पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिकडं उत्तरेचा वारा हाडं गोठवतो. म्हणून सगळ्या मुलखाची दारं दक्षिणेला."

"सगळ्या?"

"बहुतेक सगळ्या."

"मग बायका मरत न्हाईत त्यांच्या?"

वामनराव हसणार होते, पण गोटीरामचा चेहरा बघून थांबले. "मरतात, आपल्यासारख्याच. काही म्हाताऱ्या होऊन, काही आधी."

त्यांनी त्याला आत नेऊन एक फोटो दाखवला. तसल्याच घराच्या दारात उन्हाला बसलेली सुरकुतलेली बाई, हातात वाटी. गोटीरामला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय?"

"वय अठ्ठ्याऐंशी. नऊ मुलं. या बाईनं आपल्या घराच्या दाराचं कापड स्वतः शिवलं आहे."

गोटीराम बराच वेळ फोटोसमोर उभा राहिला. मग बाहेर येऊन त्यानं सगळे दोर सोडले आणि जेवायला न थांबता दुपारपर्यंत दार दक्षिणेला फिरवलं.

शुक्रवारी पंढरी चुना कालवून तयार होता.

"पंढरी, दार र्‍हाऊ दे," गोटीराम म्हणाला.

शेवंताबाई उसळली. "येड लागलं का तुला?"

त्यानं फोटोतल्या म्हातारीची हकीकत सांगितली.

"कुठल्या मुलखाची घोडेवाली मानसं! त्यांचं त्यांच्यापाशी. दारानं नाय, तर मग जमुना गेली कशानं?"

गोटीरामला हा प्रश्न कालपासून पडला होता. दाराचं निमित्त होतं तोवर तो पडत नव्हता.

"तापानं, आक्का. उधान होतं, बांध फुटंल म्हनून मी तिकडंच राहिलो. तीन दिस ती म्हनत होती, बरं वाटतंय, तुमी जा. चौथ्या दिशी मी गाडी जुंपली. डाक्तर बोलला, उशीर केलात."

शेवंताबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"हे तू कदी बोलला नाहीस," ती म्हणाली.

"नाय बोललो."

पंढरी थापी हातात घेऊन उभा होता. "मग मी जाऊ का र्‍हाऊ? चुना कालवलाय. वाया जाईल."

गोटीरामनं घरात नजर फिरवली. चुलीमागं भिंतीला भेग पडली होती. ती बुजवून घ्या म्हणून जमुना जायच्या आदल्या पावसाळ्यापासून सांगत होती.

"इकडं ये," तो म्हणाला, आणि चूल झाकायला त्यानं जुनं गोणपाट काढलं.