गवतातले फेरे

खुशालराव सकाळचा चहा पिता पिता गेले. कप हातात तसाच राहिला, चहा सांडलासुद्धा नाही. रागिणी आत डबा भरत होती. "बाबा, अजून देऊ का?" म्हणून तिने दोनदा विचारलं, उत्तर येईना तेव्हा बाहेर येऊन पाहिलं. मग तिने त्यांच्या बोटांतून कप सोडवून ओट्यावर नेऊन ठेवला, गॅस बंद केला, शेजाऱ्यांना हाक मारली आणि अकोल्याला भावाला फोन लावला. सगळं ओळीने, काही न विसरता.

आलेल्या बायका म्हणाल्या, पोरगी खंबीर आहे. मनकर्णा आत्याने, म्हणजे खुशालरावांच्या थोरल्या बहिणीने, तिला कुशीत घेतलं. "रडून घे वं माय. मोकळी होशीन." रागिणीने खरोखर प्रयत्न करून पाहिला. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं तिचं आतून सगळं झालं होतं. लोक बोलत होते, ती उत्तरं देत होती, वाढप करत होती, कुणाला किती पोळ्या हव्यात तेही तिच्या लक्षात राहत होतं.

रागिणी चाळिशीला आलेली. लग्न मोडल्यापासून ती अमरावतीत साईनगरच्या या घरात वडिलांसोबतच राहत होती आणि रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये कामाला जात होती. भाऊ विपुल तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, अकोल्यात त्याचं बियाण्यांचं दुकान. अमरावतीहून अकोला काही लांब नाही, सकाळी निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळी घरी येतो. तरी दोघांची भेट दिवाळीला आणि कुणाच्या लग्नात, एवढीच. भांडण नव्हतं. भांडण असतं तर बोलायला निदान काही विषय तरी असता.

विपुल आला आणि तेरवीपर्यंत राहायचं म्हणून राहिला. मुलीची परीक्षा होती, म्हणून त्याची बायको पौर्णिमा मध्येच अकोल्याला परतली. दहाव्याला सगळे कौंडण्यपूरला गेले. वर्धा नदीच्या काठावर विपुलने डोकं भादरून घेतलं, पाण्यात उतरून विधी केले आणि ओल्या अंगाने वर आला. रागिणी पायरीवर उभी होती. त्याचं टक्कल पाहिलं आणि तिने चटकन नदीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला येणारे ओसरले होते. आत्या आत पडली होती. विपुलने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि तो रागिणीच्या शेजारी दिवाणावर येऊन बसला.

"तुले तो टीव्हीवरचा गेम आठवते का? जपानी?"

"आठवते."

"त्याची इंग्रजी झाली. कोणीतरी हौशी पोरांनी बसून सगळं भाषांतर केलं. मी उतरवून ठेवला होता, पण एकट्याच्यानं सुरूच झाला नाही."

पडदा काळा झाला, चौकटी चौकटींची ती टिचभर अक्षरं आली आणि पाठोपाठ ते किणकिणतं संगीत. रागिणीने ते फक्त ओळखलं.

ती सात वर्षांची होती त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आई नागपूरच्या दवाखान्यात होती. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, पण पोरांना 'पोटाचं दुखणं' एवढंच सांगितलं होतं. बाबा तिकडेच राहत आणि घर मनकर्णा आत्या सांभाळी. पोरं गप्प राहावीत म्हणून देवीदास मामांनी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला, सोबत एकच कॅसेट. सगळ्यांकडच्या कॅसेटमध्ये उड्या मारणारा माणूस नाहीतर गाड्या असायच्या. हिच्यात एक राजा होता, गावं होती, विहिरी होत्या, मैलोगणती हिरवं गवत होतं आणि पार वरच्या कोपऱ्यात डोंगराआड एक काळा किल्ला. एक तलवारवाला आणि एक काठीवाली पोरगी अशी जोडी घेऊन हिंडायचं. गवतातून चालताना मध्येच राक्षस आडवे येत. त्यांना मारलं की ताकद वाढे आणि ताकद वाढली की आणखी पुढे जाता येई. गावातला प्रत्येक माणूस काही ना काही बोले आणि ते बोलणं खाली चौकटीत जपानीत उमटे.

बारा वर्षांचा विपुल ते वाचून दाखवायचा.

"हे म्हातारी काय म्हणून राहिली, दादा?"

विपुल पडद्याकडे डोळे बारीक करून बघे. "म्हणते, बापू, आमची राणी आजारी हाय. काळ्या किल्ल्यात झोपून हाय. तुमी गेले का ती उठते."

त्याला जपानी येत नाही असं तिच्या मनातही आलं नाही. दादाला कुलूप उघडता येई, सायकलची साखळी चढवता येई, मग हेही येत असणार. विहिरीजवळचा माणूस, धर्मशाळेचा मालक, पुलावरचा शिपाई, सगळे वऱ्हाडीत बोलत आणि सगळे राणीचीच चौकशी करत. भारनियमन असे. वीज गेली की खेळलेलं सगळं पुसलं जाई, म्हणून मधूनमधून परत राजाकडे जाऊन खेळ जतन करून घ्यावा लागे. आणि राजा प्रत्येक वेळी म्हणे, "घाई करा पोरायनो."

ती रोज दादाच्या मागे लागायची. चल ना किल्ल्यात. आजच जाऊ.

आता लॅपटॉपवर तीच म्हातारी त्याच विहिरीजवळ उभी होती. विपुलने बटण दाबलं. रागिणीने इंग्रजी वाचलं. पुलापलीकडे विंचू फार आहेत, ढाल घेतल्याशिवाय जाऊ नका, असं म्हातारी म्हणत होती.

धर्मशाळेचा मालक म्हणत होता, रात्र काढा, अंगात बळ येईल. पुलावरचा शिपाई म्हणत होता, उत्तरेला गुहा आहे. राजा म्हणत होता, चोरीला गेलेला मणी परत आणा.

"राणी?" रागिणीने विचारलं.

"नाहीच आहे. मी पूर्ण वाचून पायलं. अख्ख्या गेमात राणी नाही."

"अच्छा," ती म्हणाली.

ते खेळत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. कुणी भेटायला आलं की विपुल झाकण मिटे, माणूस गेला की उघडे. आत्याने एकदा पाहिलंच. "सुतकात गेम खेळून राह्यले? लोकं काय म्हणतीन रे?" विपुल म्हणाला, "बसलोच तं आहो आत्या, आणखी काय करावं?" ती काहीतरी पुटपुटत तांदूळ निवडायला बसली, पण तिथेच दारात, पडदा दिसेल अशी.

पुढे जायला ताकद कमी पडत होती. म्हणून गावाबाहेरच्या गवतात फेऱ्या मारायच्या, भेटेल त्याला मारायचं, पुन्हा फिरायचं. हिरवा गोळा, वटवाघूळ, हिरवा गोळा. हे काम रागिणीला बरं वाटलं. यात काही जाणवावं लागत नव्हतं. बोट चालत होतं, आकडा वाढत होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "त्या वर्षी आपण असेच फिरत राहिलो होतो. जून लागेपर्यंत. तू म्हणे, अजून ताकद पुरत नाही."

विपुलने तलवारवाल्याला गवतात आणखी एक फेरी मारायला लावली.

"पुरत होती ना?"

"केव्हाचीच पुरत होती," तो म्हणाला. हात बटणावर तसाच. "तू रोज विचारे, आई कधी येते. मले काय सांगावं समजेना. म्हणून मी राणी काढली. मले वाटलं, आई येईन तं त्या दिवशी आपण किल्ल्यात जाऊ. मग बाबांनी मले नागपूरले बोलावून घेतलं."

आत्याचा तांदळावरचा हात थांबला.

त्या प्रवासाबद्दल दोघं कधीच बोलले नव्हते. मे महिन्यात देवीदास मामा येऊन विपुलला घेऊन गेले होते. रागिणीला आत्याने शेजारी पाठवलं होतं. दोन दिवसांनी विपुल परतला तो डोकं भादरून. आत्याने सांगितलं, उवा झाल्या होत्या, उन्हाळा आहे, काढून टाकले केस. लहानीला शाळा सुरू होईपर्यंत काही सांगायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं होतं आणि विपुललाही बजावलं होतं.

"मी आईले पायलंच नाही," विपुल म्हणाला. "मले सरळ घाटावर नेलं. सगळं झाकलेलं होतं. मामा म्हणे, हात लाव. मी लावला. पायाले लावला का हाताले, ते अजूनही माहीत नाही. घरी आलो तं तू टीव्ही लावून बसलेली. मले वाटलं, आता किल्ल्यात गेलो तं तू म्हणशीन, राणी कुठी आहे. मी काय दाखवणार होतो तुले?"

"म्हणून गवतात."

"म्हणून गवतात."

पडद्यावर एक वटवाघूळ वाट बघत थांबलं होतं. खेळणाऱ्याने काही केल्याशिवाय तेही काही करत नव्हतं.

"मले समजलं होतं, दादा," रागिणी म्हणाली.

"काय समजलं होतं?"

"तू आला तेव्हा. तुह्या डोक्याकडे पायलं ना, तेव्हाच. चौकातले निंभोरकर काका वारले होते तं त्यायच्या पोराचं असंच केलं होतं. उवा कुठी होत्या तुले? उवा मले होत्या, माहे केस कोणी कापले नाही." हे सगळं ती लॅबमध्ये रिपोर्ट वाचावा तशा आवाजात बोलत होती. "त्याच्या आधी मी रोज म्हणत होती, किल्ल्यात चल. तू नागपूरवरून आल्यावर एकदा तरी म्हटलं का?"

विपुलने आठवून पाहिलं. त्या सबंध महिन्यात ती त्याच्या शेजारी फ्रॉक गुडघ्यावर ताणून बसे आणि तो गवतात फिरवेल तिकडे बघे. किल्ल्याचं नाव तिने काढलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

आत्या सूप घेऊन उठली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. थोड्या वेळाने ती दोघांसाठी चहा घेऊन आली. लॅपटॉपशेजारी पेले ठेवताना म्हणाली, "मले वाटलं, लहान लेकराले काय समजते." दोघांनी चहा घेतला आणि विपुलने वटवाघूळ मारलं.

तेरवीच्या आदल्या दुपारी ते किल्ल्यात शिरले. आत अंधाऱ्या वाटा होत्या, पेट्या होत्या, एक जिना होता. जिन्याच्या खाली सगळ्यांत मोठा मायावी राक्षस बसला होता. त्याने लांबलचक भाषण केलं, अर्धं राज्य देतो म्हणाला. त्यांनी त्याला मारलं. दोनदा हरले, तिसऱ्यांदा काठीवालीने शेवटचा घाव घातला. मणी मिळाला. जगात पुन्हा उजेड पसरला, असं पडद्यावर आलं. राजाने शाबासकी दिली आणि मग काळ्या पडद्यावर नावांच्या ओळी वर वर सरकू लागल्या. नावं मात्र भाषांतर करणाऱ्यांनी जपानीतच ठेवली होती.

"एवढंच?" रागिणी म्हणाली.

"एवढंच."

ती नावं संपेपर्यंत ते बसून राहिले. मग विपुलने झाकण मिटलं आणि तो आचाऱ्याला फोन करायला उठला. उद्या किती पानं उठतील याचा अंदाज त्याला द्यायचा होता.

तेरवी पार पडली. मांडव निघाला, सतरंज्या परत गेल्या, विपुल अकोल्याला गेला. आत्या आणखी काही दिवस राहिली आणि मग तिच्या मुलाने तिला गावी नेलं. रागिणी कामावर रुजू झाली. घरी आल्यावर ती एका माणसाचा स्वयंपाक करी आणि तो पुरून उरे. वडिलांच्या आठवणीने गलबलून येईल असं तिला वाटत होतं, तसं काही होत नव्हतं. त्यांचे कपडे तिने घडी करून देऊन टाकले, चष्मा ठेवला, औषधं परत केली.

एका रविवारी ती न कळवताच अकोल्याच्या बसमध्ये बसली. मूर्तिजापूर सोडल्यावर तिने विपुलला फोन केला. तो स्टँडवर घ्यायला आला. काहून आली, असं त्याने विचारलं नाही, आणि तिच्याकडे सांगायला कारणही नव्हतं. त्याने तिला दुकानात नेऊन स्टुलावर बसवलं. गिऱ्हाइकं येत होती, भेंडीचं बियाणं, चवळीचं बियाणं मागत होती. एका म्हाताऱ्याने विचारलं, ही कोण? विपुल म्हणाला, "माही बहीण होय. अमरावतीची." संध्याकाळी पौर्णिमाने तिला पिशवीभर वांगी दिली आणि बसमध्ये बसवून दिलं.

मग हे चालू राहिलं. कधी ती जाई, कधी तो येई. घर विकायचं की ठेवायचं यावरून त्यांचं चांगलंच वाजलं, दोन आठवडे अबोला झाला आणि पुन्हा बोलणं सुरू झालं. त्या बोलण्यात एकदा आईचा विषय निघाला. तिला मोगरा आवडायचा की शेवंती, यावर दोघांचं एकमत होईना. दोघांपैकी कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी रागिणी लॅबमध्ये एका बाईंचं रक्त घेत होती. पन्नाशीच्या, साध्या, उपाशीपोटी आलेल्या. सुई निघाल्यावर त्यांनी कापूस कोपरात दाबून हात मुडपला आणि सहज विचारलं, "बाई, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?" रागिणी हो म्हणायला गेली, तोच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाई गोंधळल्या. एक हात तसाच मुडपलेला, दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "असू द्या. असू द्या."

थोड्या वेळाने ते थांबलं. रागिणीने तोंड धुतलं, नळीवर बाईंचं नाव चिकटवलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आत बोलावलं.